हौद उघडणाऱ्याचे घर आणि मुळशीतली बुडालेली घरे

पुण्याने जुनी घरे पुष्कळ जपली आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याची महापालिकेने डागडुजी केली. नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात टिळकांच्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला, तरी त्याची उरलेली जोती तिकीट लावून दाखवली जातात. याच शहरात, गंज पेठेत, एक बैठे कौलारू घर आहे. त्याला तट नाही, नगारखाना नाही. त्या घरातून कुणी कुणावर राज्य केले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे ते घर. सरकारी कागदावर ते राज्य संरक्षित स्मारक आहे, आपल्या लोकांच्या तोंडी फुलेवाडा आणि समताभूमी.

आम्ही मुळशी तालुक्यातले कार्यकर्ते. पौड, पिरंगुट, माण, हिंजवडी या भागातल्या वस्त्यांतली तरुण मुलेमुली घेऊन आम्ही तिथे जातो. 11 एप्रिलच्या गर्दीत जाऊ नये असा आमचा अनुभव आहे. त्या दिवशी हार घालायला रांग असते आणि फोटो काढायला त्याहून मोठी रांग असते. पुढाऱ्यांच्या गाड्या पेठेच्या तोंडाशी अडकलेल्या असतात. घर बघायचे असेल तर साध्या दिवशी, दुपारच्या आत जावे, मुलांना एकेक खोली फिरू द्यावी आणि मग अंगणात बसवून बोलावे. हा लेख त्या बोलण्यातूनच तयार झाला आहे. त्यात एक प्रश्न आहे आणि एक मागणीही आहे. मागणी शेवटाकडे येईल.

प्रश्न असा, की जपलेल्या घरात नेमके काय बघायचे?

पाटीवरच्या तारखा वाचून मुले दहा मिनिटांत बाहेर येतात. लाकडी खांब, कौले, भिंतींवरची जीवनप्रसंगांची चित्रे, झाले. म्हणून आम्ही सुरुवात पाण्यापासून करतो. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही ओळ शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून ती अंगावर येत नाही. ती अंगावर यायला हवी असेल तर त्या अंगणात उभे राहून हिशेब करावा लागतो. पेशवाई जाऊन तेव्हा अवघी पन्नास वर्षे झाली होती. ज्या शहरात महाराच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच शहरात एक माळी आपल्या दाराशी महारामांगांच्या घागरी भरू देत होता. शेजारी काय म्हणाले असतील, नातलगांनी किती दिवस त्या घरचे पाणी टाकले असेल? कायदा पाठीशी नव्हता, सरकारी ठराव नव्हता. आणि 1868 नंतर 59 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेव्हा मात्र मुंबई कायदेमंडळाचा 1923 चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव होता, आणि तरीही पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली. एका खासगी घराने जे 1868 मध्ये दिले ते एका नगरपालिकेला 1927 मध्ये ठरावानिशी देता आले नाही.

हेच घर फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणाचे घर होते. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्याच्याच दवाखान्यात गेल्या आणि त्या साथीतच 10 मार्चला वारल्या. आमच्या मुली इथे हमखास थांबतात. ज्या जातीने हौदाचे पाणी बाटवले म्हणून बोंब मारली, त्या जातीच्या लेकीबाळींना अडचणीच्या वेळी याच घराने दार उघडले, हे त्यांना सांगावे लागत नाही. त्या स्वतःच बोलतात.

फलक जे सांगत नाहीत ते आम्ही सांगतो. उदाहरणार्थ, हे घर चालत होते कशावर? जोतीराव देणग्यांवर जगणारे समाजसुधारक नव्हते. ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. बांधकाम खात्यातली लाचखोरी, अंगमेहनत करणाऱ्यांची होणारी लुबाडणूक त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि लिहिली. धरण म्हणजे काय, ते कुणाच्या घामाने उभे राहते आणि पाणी कुणाच्या शेतात जाते, हे या घराच्या मालकाला चांगले ठाऊक होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे आणि तळी बांधण्याच्या सूचना येतात त्या या अनुभवातून. मुळशीच्या मुलांना हे मुद्दाम सांगतो, कारण धरणाचा विषय पुढे निघणारच असतो.

मग मागच्या बाजूची समाधी. जोतीरावांची इच्छा होती की आपला देह जाळू नये, मिठात पुरावा. घरामागे त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन झाले. यशवंत दत्तक, त्यात ब्राह्मण विधवेचा मुलगा, म्हणून त्याने टिटवे धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. अस्थी आणून घरामागे, त्या ठरवलेल्या जागी पुरल्या. ज्या नगरपालिकेने परवानगी नाकारली तिचे जोतीराव स्वतः सहा वर्षे सभासद होते, हेही मुलांना कळलेले बरे.

समाधीपाशी तुळशी वृंदावन आहे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतेच, सत्यशोधकाच्या समाधीवर तुळस कशी? काही मित्रांचे मत आहे की हे सगळे काढून टाकावे. आमचे तसे मत नाही. ज्या माणसाने भटाशिवाय लग्न लावायला शिकवले त्याच्या मागे राहिलेल्यांनी त्याला आपल्या ओळखीच्या रीतीने आठवले. विचार पुढे गेला आणि रीत मागे राहिली, हे आपल्या प्रत्येक घरात आजही घडते. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातल्या माळ्यावर जुना देव्हारा सापडतोच. वृंदावन काढले तर तो प्रश्नही जाईल. तो तिथेच राहू द्यावा आणि त्याच्याशेजारी उभे राहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ उघडावा. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने पुरे केलेले ते पुस्तक आहे.

यशवंतरावांनंतर हे घर कुटुंबाच्या हातून गेले. फुल्यांच्या मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दारिद्र्य आले, स्मारके फार उशिरा आली. घर संरक्षित स्मारक झाले 1972 मध्ये, आणि राष्ट्राला अर्पण झाले 1993 मध्ये. जोतीरावांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षे गेली होती. मधल्या काळात ते घर कोसळले नाही, कुणा बिल्डरने घेतले नाही, ही व्यवस्थेची कृपा समजू नये. पेठेतली कष्टकरी माणसे आणि सत्यशोधक, आंबेडकरी कार्यकर्ते त्या घराची आठवण मरू देत नव्हते.

भिडेवाड्याचे नशीब तेवढे नव्हते. 1 जानेवारी 1848 ला जिथे मुलींची शाळा सुरू झाली तो बुधवार पेठेतला वाडा वर्षानुवर्षे दुकाने, भाडेकरू आणि न्यायालयाच्या तारखा यांत अडकला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबर 2023 मध्ये तो एका रात्रीत पाडला गेला. तिथे नवे स्मारक होईल. होऊ द्या. पण सावित्रीबाई ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या तो उंबरा आता कुणालाही दाखवता येणार नाही. दगडूशेठ गणपतीसमोरून रोज जाणाऱ्या लाखो माणसांना आपण पावणेदोनशे वर्षे तो उंबरा दाखवला नाही, त्याचे हे फळ.

गंज पेठेतून आम्ही दुपारी सेनापती बापट रस्त्याला जातो. तिथे सिंबायोसिस संस्थेने उभारलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आणि स्मारक आहे. पांढरा, स्तूपासारखा घुमट. आत बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत: कपडे, पलंग, खुर्च्या, व्हायोलिन. अस्थी आहेत. 1990 मध्ये मिळालेले भारतरत्न आहे. या वस्तू दिल्या माईसाहेबांनी. माईंवर चळवळीने काय काय आरोप केले आणि त्या कशा एकट्या पडल्या, यावर एक वेगळा लेख लिहावा लागेल. इथे एवढेच नोंदवतो, की बाबासाहेबांचे हे सामान त्यांनी सांभाळले म्हणून आज आपल्याला दिसते. आपल्यापैकी कित्येकांनी त्यांना बोल लावले, पण त्या सामानाची विचारपूस केली नाही.

या संग्रहालयात आमची मुले गप्प होतात. वाड्यात ती बोलत असतात, इथे आवाज आपोआप खाली येतो. पलंगाची लांबी-रुंदी बघतात, कोटाची बाही बघतात. एवढा मोठा माणूस आणि एवढासा पलंग, असे पुटपुटतात. पण इथे घर नाही. घर होते दिल्लीला, 26 अलीपूर रोड. 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब सिरोहीच्या संस्थानिकाच्या त्या बंगल्यात राहायला गेले आणि 6 डिसेंबर 1956 ला तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे ती जागा खासगी मालकाकडे गेली आणि जुने घर उरले नाही. 2018 मध्ये तिथे संविधानाच्या पुस्तकाच्या आकाराचे भव्य राष्ट्रीय स्मारक झाले. म्हणजे वस्तू पुण्यात आणि घराची जागा दिल्लीत, अशी फाळणी. लंडनचे 10 किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. तिथे संग्रहालय नको म्हणून स्थानिक कॅम्डन कौन्सिलने आडकाठी केली, शेवटी 2020 मध्ये ब्रिटिश सरकारच्या पातळीवर परवानगी मिळाली. आणि आपल्याच मुंबईत परळच्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्या, जिथे बाबासाहेबांनी आयुष्याची सुमारे वीस वर्षे काढली, त्यांच्यासाठी घोषणा झाल्या. लंडनच्या घरासाठी तिजोरी लवकर उघडते, चाळीसाठी उघडत नाही. राजगृह उभे आहे कारण ते बाबासाहेबांनी स्वतः बांधले आणि त्यांच्या कुटुंबाने राखले. 2020 च्या जुलैमध्ये तिथल्या कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या तेव्हा हेही दिसले, की आपली घरे नुसती उभी राहणे काहींच्या डोळ्यांत अजून खुपते.

आता त्या रस्त्याच्या नावाकडे येऊ. संग्रहालयातून बाहेर पडले की पाटी दिसते, सेनापती बापट मार्ग. आमच्या तालुक्यातल्या मुलांना हे नाव माहीत असते. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती मुळशीत. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले आणि 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांत त्याची गणना होते. 1924 पर्यंत तो चालला, मोडला, आणि सुमारे पन्नास गावे पाण्याखाली गेली किंवा उठली. बापटांनी तुरुंगवास भोगला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही.

आम्हाला शंका आहे ती त्या इतिहासातल्या ‘मावळा’ या शब्दाबद्दल. सत्याग्रहाच्या गौरवगाथेत सगळे खोरे एका ‘मावळ्या’त गुंडाळले जाते. खरे तर त्या खोऱ्यात तीन-चार तऱ्हेची माणसे होती. एक, ज्यांच्या नावावर जमीन होती ते. त्यांतले बरेच जण खोऱ्यात राहतच नव्हते. ते पुण्यातले सावकार होते आणि कुळांच्या गहाण पडलेल्या जमिनी त्यांच्या नावावर चढल्या होत्या. दोन, ती जमीन कसणारी कुळे, आंबेमोहोर पिकवणारी. तीन, गावाच्या कडेला राहणारे महार, मांग, चांभार. आणि चौथे कातकरी, ज्यांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते.

जमीन घेतली गेली ती 1894 च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याला हक्कदार दिसत होता, कष्टकरी दिसत नव्हता. कागदावर नाव ज्याचे, मोबदला त्याचा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जो अभ्यास केला आहे त्यात हे स्पष्ट दिसते, की सावकार-जमीनदारांचा वर्ग शेवटी मोबदल्याच्या बाजूला झुकला. त्याचे घर पुण्यात शाबूत होते. त्याला मुळशीत जमीन बुडाली म्हणून बेघर व्हायचे नव्हते.

महारवाड्याचे काय झाले, हे समजायला वतन समजले पाहिजे. महाराला गावकीच्या कामाबद्दल थोडी वतनी जमीन असे आणि बलुत्याचा हक्क असे. सरकारी टपाल पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, दवंडी, राखण, पाटलापुढे तासन्तास हजेरी. त्या बदल्यात सुगीला पेंढ्या, सणाला भाकरतुकडा. ही गुलामी होती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. पण गुलामीतसुद्धा पोटाला एक हिशेब असतो. गाव बुडाले की बलुते बुडाले. बलुत्याच्या पेंढीला भूसंपादन अधिकारी कोणता दर लावणार होता? आणखी एक गोष्ट आम्हाला सारखी टोचते. गावच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष शेवटची मानली जाई. शीव कुठे आहे हे गावात सगळ्यांत पक्के त्यालाच माहीत असे. धरणाने शीवच पाण्याखाली घातली. त्या साक्षीदाराला विचारायला मग कोण येणार होते?

इथे आमच्यातले काही तरुण अडखळतात. बाबासाहेबांनी तर खेड्याला जातीचे डबके मानले, मग गाव बुडाल्याचे दुःख आपण का करायचे? प्रश्न बरोबर आहे. 4 नोव्हेंबर 1948 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी खेड्याच्या गोडव्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. शिवाय ते धरणांच्या विरोधातही नव्हते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या आणि महानदीच्या योजनांमागे तेच उभे होते. वीज आणि पाणी ही देशाच्या मालकीची साधने व्हावीत, खासगी कंपनीची नव्हेत, हे त्यांचे मत 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आहे. तेव्हा आम्ही मुळशीच्या गावकीसाठी रडत नाही. ती बुडाली ते बरेच झाले, असे म्हणणारी एखादी म्हातारी आमच्या वस्तीत भेटली तर आम्ही तिच्याशी वाद घालणार नाही. आमची तक्रार इतकीच आहे, की गुलामी बुडाल्यावर गुलामाला मुक्त माणसाचा मोबदला मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. तो मोजणीतच धरला गेला नाही.

आणि पाणी गेले कुठे? 1927 मध्ये मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडले जाऊ लागले. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. महाडही कुलाबा जिल्ह्यातच. ज्या वर्षी एका धरणाचे पाणी डोंगर फोडून त्या जिल्ह्यात उतरले, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांना लाठ्या खाव्या लागल्या. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गिरणीत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून तिथे अस्पृश्याला घेत नसत. बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात हाच प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. मुळशीचा महार बेघर झाला, त्याच्या खोऱ्याच्या पाण्यावर माग चालला आणि त्या मागाला हात लावायची त्याला बंदी. हा इतिहास कुठल्याच संग्रहालयाच्या फलकावर नाही. सेनापती बापट रस्त्यावर नाही आणि धरणाच्या काठावरही नाही. तिथे आता रिसॉर्ट आहेत.

म्हणून मुळशीत जपायला घर नाही. फुले यांचे घर उरले, बाबासाहेबांचे सामान उरले, पण आमच्या खापरपणजांची चूल कुठे होती हे दाखवायला हातभर जागा नाही. हे सांगून आम्ही मुलांना रडवत नाही. हे सांगतो कारण याच चुकीची पुनरावृत्ती आता फुलेवाड्याच्या दारात होण्याची शक्यता आहे.

फुलेवाडा आणि जवळचे सावित्रीबाई फुले स्मारक यांचा विस्तार करून दोन्ही एकमेकांना जोडण्याची योजना राज्य सरकार आणि महापालिकेने हाती घेतली आहे. कल्पना चांगली आहे. आज वाड्यापर्यंत बस जात नाही. शंभर मुले एकदम आली तर बसायला, बोलायला, पाणी प्यायला जागा नाही. येणाऱ्या माणसाचे नीट स्वागत व्हावे, त्याला कुणीतरी समजावून सांगावे, पुस्तके मिळावीत, बाहेरगावच्या बायकांना स्वच्छतागृह मिळावे, असे आम्हालाही वाटते. आम्ही स्वतः हा त्रास दरवर्षी काढतो. पण जागा रिकामी नाही. दोन स्मारकांच्या मध्ये वस्ती आहे. छोटी घरे, भाड्याच्या खोल्या, पोटमाळे, दारातच चालणारे धंदे. फुल्यांनी ज्यांच्यासाठी हौद उघडला त्यांचीच नातवंडे-पतवंडे म्हणावीत अशी ती माणसे.

विस्ताराला आमचा पाठिंबा आहे, आणि या वस्तीच्या बाजूनेही आम्ही उभे आहोत. यात आम्हाला काही विसंगती दिसत नाही. मुळशीत 1921 मध्ये मोजणी मालकाची झाली. गंज पेठेत मोजणी राहणाऱ्याची झाली पाहिजे. 2013 चा भूसंपादन कायदा, जो 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे, तो ‘बाधित कुटुंब’ या शब्दात भाडेकरूला धरतो. ज्याच्या नावावर काही नाही, पण जो तीन वर्षे तिथे राहतो किंवा तिथल्या कामावर पोट भरतो, त्यालाही धरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराला आणि कातकऱ्याला जे मिळाले नाही ते या कायद्याने कागदावर दिले आहे. पण शहरात या कायद्याच्या बाजूने वळसा घालून जायच्या वाटा बऱ्याच आहेत. नगररचना कायद्याखाली आरक्षण टाकायचे, मालकाला टीडीआर द्यायचा, झोपडपट्टी म्हणून घोषित करून पुनर्वसनाच्या योजनेत ढकलायचे आणि मग पात्र-अपात्राच्या याद्या लावायच्या. अपात्र कोण ठरतो हे आम्हाला शिकवायला नको. ज्याच्याकडे कागद नाही तो. विधवा, भाडेकरू, नव्याने आलेला मजूर.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. आधी त्याच पेठेत घर, मग स्मारकाची वीट. शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवरच्या एखाद्या इमारतीत नव्हे. मंडईत हमाली करणाऱ्याला, पेठेत धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथून येणे परवडत नाही. मोजणी जाहीर करा, यादी वाड्याच्या भिंतीवर लावा, हरकती अंगणात बसून ऐका. आणि नव्या स्वागत केंद्रात नोकऱ्या निघतील त्या, माहिती सांगणाऱ्यापासून साफसफाईच्या कामापर्यंत, कंत्राटदाराच्या घशात न घालता याच वस्तीतल्या मुलामुलींना द्या. फुल्यांच्या घराची गोष्ट सांगायला गंज पेठेत वाढलेली मुलगी पगारावर असेल तर ती फलकापेक्षा चांगली सांगेल. आणि साफसफाईचे काम पुन्हा एकाच जातीच्या वाट्याला येणार असेल तर त्या स्मारकावर समता हा शब्द लिहू नका.

काही मित्र म्हणतात, फुल्यांच्या स्मारकाच्या कामात असे प्रश्न काढले तर विरोधकांना निमित्त मिळते, काम रखडते. काम रखडण्याची कारणे आम्ही भिडेवाड्यात पाहिली आहेत. तिथे गरिबांनी काम अडवले नव्हते. शिवाय जोतीरावांनी नगरपालिकेत असताना आपल्या शहराच्या कारभाऱ्यांना गैरसोयीचे प्रश्न विचारायचे थांबवले नाही. त्यांच्या नावाने चालणाऱ्या कामात आपण का थांबावे?

मुळशीच्या बाजूने आम्ही एक काम सुरू केले आहे आणि इतर तालुक्यांतल्या साथींनीही ते करावे. गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत, कातकरी वाड्यांत जाऊन जुने कागद बघायचे. वतनाची सनद, जुने सातबारे, फेरफार, धरणात उठलेल्या कुटुंबांच्या नोंदी, लग्नपत्रिकेवर अजून छापले जाणारे बुडालेल्या गावाचे नाव. कागदाचा फोटो घ्यायचा, मूळ कागद त्याच घरात ठेवायचा. म्हातारी माणसे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करायचे आणि बोलणाऱ्याची परवानगी विचारून घ्यायची. वतनी जमिनींचे व्यवहार परवानगीशिवाय होऊ शकत नाहीत, हे 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यापासून चालत आले आहे, आणि हिंजवडी-माणच्या भागात जमिनीचा भाव काय आहे ते सर्वांना माहीत आहे. त्यामुळे हे कागद नुसती आठवण नाहीत. कोर्टात उभे राहायची वेळ आली तर तेच हातात असतील. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ट्रंकेतून काढून एकदा ऊन दाखवावे. पावसाळ्यात मुळशीत कागदाला बुरशी फार लवकर लागते.